शाळा घरी येते तेव्हा

यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी कार्यकारिणीने मला विषय नेमून दिला आहे : शाळकरी मुलांना ऑनलाइन शिक्षणाचा उपयोग किती? यामागचे कारण आपणां सर्वांना ठाऊक आहे. २०२० सालच्या अखेरीस, टाळेबंदीचे नियम थोडे सैल झाल्यावर, आपल्या मंडळाने सभागृहामागच्या लहान खोलीत मुलांसाठी एक अभ्यासिका उघडली. ती पुढे चालवावी, की खोली पूर्वीप्रमाणे शिवणवर्गाला द्यावी, हा प्रश्न येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. एका हितचिंतकांनी खोलीसाठी मोठा पडदा आणि चार टॅब देऊ केले आहेत. काही भगिनी म्हणतात, आता सारे जगच पडद्यावर शिकते आहे. देणगी नाकारणे म्हणजे आपल्या मुलांना मागे ठेवणे. दुसऱ्या म्हणतात, पडद्यापायी मुलांचे डोळे गेले, अक्षर गेले आणि चित्तही गेले. आता आणखी पडदे नकोत. दोन्ही बाजूंना माझ्या मैत्रिणी आहेत, म्हणून थोडी दबकतच लिहिते.

मी यंत्रांतली जाणकार नव्हे. पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकविला, एवढेच माझे भांडवल. पण इतिहास शिकविणाऱ्याला एक खोड असते. कोणतीही गोष्ट 'अगदी नवी' म्हणून पुढे आली की ती पूर्वी कुठे, कोणत्या रूपाने घडून गेली आहे, हे तो शोधू लागतो. मूल शाळेत जाऊ शकत नाही म्हणून शाळाच मुलाच्या घरी पाठवायची, ही कल्पना मोबाईलबरोबर जन्मलेली नाही. टपाल, नभोवाणी, दूरचित्रवाणी, उपग्रह अशा प्रत्येक साधनाने ती करून पाहिली. त्या प्रयोगांचे काय झाले, ते पाहिले तर आपल्या खोलीचा प्रश्न सोडविणे पुष्कळ सोपे होईल, असे मला वाटते.

आरंभ टपालापासून करू. अमेरिकेतील बोस्टन शहरात १८७३ साली अ‍ॅना टिकनॉर नावाच्या विदुषीने घरबसल्या अभ्यासाला उत्तेजन देणारी एक संस्था काढली. त्या काळी तेथेही बहुतेक स्त्रियांना महाविद्यालयाचे दार बंदच होते. संस्थेच्या शिक्षिका दर महिन्याला विद्यार्थिनीला पत्र लिहीत, काय वाचले ते विचारीत, पुस्तके टपालाने उसनी पाठवीत. विद्यार्थिनी उलट टपाली उत्तर देई. शिकविणाऱ्याही बहुतेक स्त्रियाच, आणि काम विनावेतन. टिकनॉरबाई १८९६ साली वारल्या आणि पुढच्याच वर्षी संस्था थांबली. पण तोवर सात हजारांहून अधिक स्त्रिया तिच्यातून शिकून गेल्या होत्या.

योगायोग असा की, त्याच १८७३ साली आपल्याकडे अकरा वर्षांच्या रमाबाईंचे न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झाले आणि त्यांचे शिक्षण घरातच सुरू झाले. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना ते रुचले नाही आणि रमाबाईंना त्याचा त्रास किती झाला, हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. पुढे याच रमाबाई पुण्याच्या सेवासदनाच्या अध्यक्षा झाल्या. मला या दोन गोष्टी शेजारी ठेवाव्याशा वाटतात, कारण त्यांतून एक सूत्र हाती येते. घरी शिकणाऱ्यापाशी पुस्तक आहे की नाही, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की, तिच्या शिकण्याकडे आपुलकीने लक्ष देणारे कोणी आहे का? बोस्टनच्या विद्यार्थिनीला महिन्याचे पत्र होते. रमाबाईंना पतीचा आधार होता आणि घरातल्याच काही माणसांची आडकाठीही होती. शेजारचे माणूस शिकणाऱ्याला हात देते, तसेच पायही ओढू शकते.

अर्थात ही मोठ्यांची गोष्ट झाली. लहान मुलाला पत्र पाठवून काय होणार? तरी तेही झाले. न्यूझीलंडमध्ये दूरदूरच्या शेतांवर, बेटांवर राहणाऱ्या मुलांसाठी सरकारने १९२२ साली टपालाची शाळा काढली. आरंभी शिक्षिका एकच होती आणि मुले शंभराच्या आसपास. धड्याची पाकिटे घरी जात, सोडविलेले धडे परत येत. पण सहा वर्षांच्या मुलाला पाकीट फोडून स्वतःचे स्वतः शिकता येत नाही. धडा वाचून दाखवायचा, पेन्सिल धरायला शिकवायचे, दुपारी कंटाळलेल्या पोराला पुन्हा पाटावर आणून बसवायचे, हे काम आईकडे आले. वेतनाच्या नोंदवहीत शिक्षिका एक होती. प्रत्यक्षात जितकी घरे तितक्या शिक्षिका होत्या.

नभोवाणी आली तेव्हा लोकांना वाटले, आता आईचे काम सुटले. गुरुजींचा आवाजच घरात येणार. याची मोठी परीक्षा १९३७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात झाली. पोलिओची साथ पसरली आणि सप्टेंबरमध्ये शाळा उघडण्याचे लांबणीवर पडले. तिसरी ते आठवीच्या तीन लाखांहून अधिक मुलांसाठी शहरातील नभोवाणी केंद्रांनी वेळ मोफत दिला. प्रत्येक इयत्तेसाठी पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ प्रक्षेपित झाले. वृत्तपत्रांनी दररोजचे वेळापत्रक आणि प्रश्न छापले. आपण २०२० साली जे केले, ते जवळजवळ सारे तेथे आधीच होऊन गेले होते, आणि ज्या तक्रारी आपण ऐकल्या त्याही. कोणाच्या घरी रेडिओच नाही. कोणाच्या घरी आहे, पण खरखर फार. पाठ भराभर पुढे जातो, मागे राहिलेल्या मुलाने कोणाला विचारावे? अधिकाऱ्यांनी शंका विचारण्यासाठी दूरध्वनीवर शिक्षिका बसविल्या, तर पालकांच्या दूरध्वनींची अशी गर्दी उसळली की त्यांची संख्या वाढवावी लागली. मला या हकिकतीत सर्वांत बोलका भाग हाच वाटतो. शहरभर आवाज पोचविण्याची सोय झाली होती. तरी लोकांना हवे होते ते उत्तर देणारे माणूस. काही आठवड्यांत साथ ओसरली, शाळा उघडल्या आणि तो प्रयोग विस्मृतीत गेला.

याच्या अगदी उलट, टिकून राहिलेली गोष्ट ऑस्ट्रेलियातली आहे. ती थोडी सविस्तर सांगते, कारण तिच्या मुळाशी आपल्या मंडळासारखेच एक महिलांचे मंडळ आहे.

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी शेकडो मैल ओसाड माळ आहे. गुरांचे मोठमोठे वाडे एकमेकांपासून इतके दूर की शेजारणीचे तोंड वर्षवर्ष दिसत नाही. तेथल्या आजारी माणसांसाठी जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाच्या खटपटीने १९२८ साली विमानाने जाणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली. पण डॉक्टरला बोलावणार कसे? तारा नाहीत, वीज नाही. तेव्हा आल्फ्रेड ट्रेगर या कारागिराने पायाने चालणारा बिनतारी संच तयार केला. शिवणाचे यंत्र पायाने चालवावे तसे पाय मारीत राहायचे, त्यातून वीज निर्माण व्हायची आणि तिच्यावर संदेश जायचा. १९२९ पासून हे संच घरोघर बसू लागले. डॉक्टरांचे काम आटोपले की ठरावीक वेळी त्याच संचावर ठिकठिकाणच्या बायका आपसांत गप्पा मारीत. गाला नावाचा एक काकाकुव्यासारखा कलकलाट करणारा गुलाबी पक्षी तेथे असतो. त्याच्यावरून त्या गप्पांच्या वेळेला 'गाला सेशन' असे नावच पडले. (आपल्या मासिक सभेलाही कोणी पक्ष्याचे नाव दिले नाही, हे आपले भाग्य!)

१९३६ साली दक्षिण ऑस्ट्रेलिया प्रांताची शताब्दी होती. त्या निमित्ताने तेथील महिलांची एक शताब्दी समिती स्थापन झाली. तिच्या अध्यक्षा ॲडलेड मीथके या शाळा-तपासनीस होत्या. शताब्दीची आठवण म्हणून समितीने निधी जमविला तो विमानी डॉक्टरांसाठी ॲलिस स्प्रिंग्ज या गावी केंद्र उभारावे म्हणून, आणि १९३९ साली ते केंद्र उभे राहिले. मीथकेबाई पुढेही त्या सेवेच्या कामात राहिल्या. त्या भागात गेल्या असता त्यांच्या ध्यानात आले की, तेथील मुले हुशार आहेत, पण अतिशय बुजरी आहेत. टपालाने धडे येतात, मुले ते सोडवितात. पण आपल्याबरोबर दुसरे कोणी शिकते आहे, ही जाणीवच त्यांना नाही. ज्या संचावर आया गप्पा मारतात, त्याच संचावर मुलांना वर्गात का बसवू नये, असा विचार त्यांनी मांडला. ८ जून १९५१ रोजी ॲलिस स्प्रिंग्जच्या त्याच केंद्रातून 'स्कूल ऑफ दि एअर' विधिपूर्वक सुरू झाली. आपल्या भाषेत म्हणायचे तर वाऱ्यावरची शाळा.

शाळा वाऱ्यावरची, पण मुले मात्र वाऱ्यावर सोडलेली नव्हती. आरंभी शिक्षिका बोलत आणि मुले ऐकत. लवकरच प्रश्नोत्तरे सुरू झाली. शेकडो मैलांवरची मुले एकमेकांचा आवाज ओळखू लागली. शिक्षिकेशी प्रत्यक्ष बोलणे दिवसाला तासाभराच्या आतबाहेरच. उरलेला सगळा अभ्यास घरी, लेखी धड्यांवर, आई किंवा घरी ठेवलेली शिक्षिका यांच्या देखरेखीखाली. शिक्षिका वर्षातून एकदा तरी प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन येते आणि मुलांनाही अधूनमधून ॲलिस स्प्रिंग्जला एकत्र आणतात. ही शाळा सुमारे १३ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरली आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौपटीहून अधिक. बिनतारी संच गेले, उपग्रह आला, आता शिक्षिका पडद्यावर दिसते. साधने तीनदा बदलली, पण शाळा चालू आहे. कारण साधनाखालची मांडणी बदलली नाही : थोडा वेळ दूरची शिक्षिका, पुष्कळ वेळ जवळचे माणूस, आणि मधूनमधून प्रत्यक्ष भेट.

आता आपल्या देशाकडे येऊ. आपल्याकडे आकाशवाणीवर शालेय कार्यक्रम स्वातंत्र्यापूर्वीच सुरू झाले होते. दिल्लीत १९६१ पासून शाळांसाठी दूरचित्रवाणीचे पाठ होऊ लागले. पण सर्वांत मोठा प्रयोग झाला तो १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात. अमेरिकेचा एक उपग्रह वर्षापुरता वापरायला मिळाला आणि सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे संच बसविले गेले. राज्ये होती आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास गावासाठी. ज्या खेड्यांत वीज नव्हती तेथे संच बॅटरीवर चालविले. सुटीच्या दिवसांत हजारो प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षणही याच मार्गाने झाले. लक्षात घ्या, संच घराघरांत नव्हता. तो शाळेत किंवा पंचायतीत, सगळ्यांच्या मालकीचा होता, आणि मुले तो एकत्र बसून पाहत. शिक्षकही मुलांबरोबर पाहत.

महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. आपला क्रम आला तो पुढे, आपला स्वतःचा इन्सॅट उपग्रह वर गेल्यावर. १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' स्थापन झाली आणि मराठीत मुलांसाठी कार्यक्रम तयार होऊ लागले. माझ्या वर्गातल्या मुलांनी ते आवडीने पाहिलेले मला आठवते. एका हायस्कुलात मी नोकरीला होते तेथे दूरचित्रवाणीचा संच होता, पण तो मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलपात असे. 'मुले मोडतील' ही भीती. ती भीती अगदीच खोटी म्हणता येणार नाही, पण कुलपातल्या संचाने कोणी शहाणे झाल्याचे ऐकिवात नाही. २०१७ साली बालचित्रवाणी बंद झाली. त्याच वर्षी केंद्र सरकारने शिक्षकांसाठी आणि मुलांसाठी 'दीक्षा' हे ऑनलाइन व्यासपीठ सुरू केले. एक दार मिटले, दुसरे उघडले, असे म्हणायला हरकत नाही.

मग मार्च २०२० आला. महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या आणि लहान मुलांचे वर्ग तर अनेक ठिकाणी दीड वर्षाहून अधिक काळ भरले नाहीत. युनेस्कोच्या सांगण्याप्रमाणे त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये जगातील दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थी शाळा-महाविद्यालयांबाहेर होते. जुलैत केंद्र सरकारने ऑनलाइन वर्गांची मर्यादा आखून दिली : पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच तासिका, नववी ते बारावीला चार. सह्याद्री वाहिनीवर त्याच महिन्यात पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. ऑस्ट्रेलियाच्या माळावर जी मर्यादा अनुभवाने ठरली होती, ती आपल्याकडे कागदावर आली, हे चांगलेच झाले. पण उरलेल्या वेळेचे काय? तेथे उरलेल्या वेळी शेजारी आई होती. आपल्याकडे कोण होते?

'असर' या नावाने ग्रामीण भारतात मुलांची जी पाहणी होते, तिचे आकडे पाहण्यासारखे आहेत. २०१८ साली शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० साली हे प्रमाण ६१.८ टक्क्यांवर गेले. २०२१ साली ते ६७.६ टक्के झाले. म्हणजे गरीब आईबापांनीही पोटाला चिमटा घेऊन फोन विकत घेतले. परंतु त्याच २०२१ च्या पाहणीत असे आढळले की, घरात फोन असलेल्या चार मुलांपैकी एकाच्या हाती तो अभ्यासाला येतच नव्हता. आणि २०२२ साली तिसरीतील मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो का हे पाहिले, तेव्हा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ च्या सुमारे २७ टक्क्यांवरून सुमारे २० टक्क्यांवर उतरले होते. फोन वाढले, वाचन घटले. फोनामुळे घटले असे मी म्हणत नाही. शाळा बंद राहिल्यामुळे घटले. पण फोन शाळेची जागा घेऊ शकला नाही, एवढे यातून स्वच्छ दिसते.

आपल्या वस्तीत हेच चित्र होते. आपल्या अभ्यासिकेत आलेल्या मुलांपैकी सातवीतल्या एका मुलीची गोष्ट पुष्कळजणींना माहीत आहे. घरात फोन एक. तो वडील कामावर नेत. शाळेचा वर्ग सकाळी अकराला, फोन घरी यायचा रात्री आठला. त्यानंतर आधी धाकट्या भावाचा अभ्यास, कारण तो मुलगा. हिची पाळी येईतो पाठवलेले धडे चाळीस-चाळीस साठलेले आणि फोनची बॅटरी संपलेली. चार महिन्यांत तिने शाळेचे नाव काढणे सोडून दिले आणि आईबरोबर धुण्याभांड्याला जाऊ लागली. घरी तिच्या लग्नाचेही बोलणे सुरू झाले होते. ही मुलगी कोणत्याही पाहणीत 'घरी स्मार्टफोन आहे' याच रकान्यात मोजली गेली असती.

तेव्हा आपण काय केले, ते इतिहास म्हणूनच नोंदवून ठेवते. सभासदांनी घरातले जुने फोन दिले, ते दुरुस्त करून घेतले. एका वेळी चारच मुले, खिडक्या उघड्या, तोंडाला मुखपट्टी. दुपारी दोन ते सहा एकेका भगिनीने पाळी घेतली. या पाळ्यांत दोन पदवीधर होत्या, तशाच चौथीत शाळा सुटलेल्या एक काकूही होत्या. काकूंना अपूर्णांक येत नव्हते. त्या मुलांना एवढेच विचारीत, "बाईंनी काय सांगितले, ते मला समजेल असे सांग." मूल सांगू लागे, अडखळे, पुन्हा तो पाठ लावून ऐके आणि पुन्हा सांगे. काकूंच्या पाळीतली मुले गणितात मागे पडली नाहीत, ही गोष्ट मी स्वतः त्यांच्या वह्या तपासून पाहिली आहे. त्या सातवीतल्या मुलीच्या घरी आपल्या तिघीजणी जाऊन बसल्या. पहिल्यांदा नकार मिळाला, दुसऱ्यांदा चहा मिळाला, तिसऱ्यांदा मुलगी मिळाली. यंदा ती बारावीच्या परीक्षेला बसली आहे. फोनने तिला शाळेत परत आणले नाही. पण ती परत आल्यावर बुडालेले धडे भरून काढायला मात्र फोनच उपयोगी पडला. एकच धडा चारदा ऐकता येतो, आणि फोन रागावत नाही.

येथे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांची आठवण होते. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालण्याच्या कामासाठी त्यांचे नाव झाले, डिसेंबर २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. आपण कोडचे कौतुक करतो. पण त्याआधीची पायरी विसरतो. त्यांच्या शाळेतील मुलांची घरची भाषा कानडी होती, म्हणून या मराठी शिक्षकाने आधी कानडी शिकून घेतली. मूल कोठे अडते ते शेजारी बसल्यावाचून कळत नाही. ते कळल्यावर मग कोड, पडदा, फोन, सारे उपयोगी.

तेव्हा नेमून दिलेल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. ऑनलाइन शिक्षण मोलाचे आहे, परंतु सर्व मुलांना सारखे नाही. जे मूल आजारी आहे, जे गावापासून दूर आहे, ज्याच्या शाळेत विज्ञानाचा शिक्षकच नाही, ज्याला एकच गोष्ट पुनःपुन्हा ऐकावी लागते, त्याला ते वरदान आहे. शाळा सुटलेल्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसू इच्छिणाऱ्या मुलींना, किंबहुना आपल्यातल्या काही सभासदांनाही, ते वरदान आहे. मोठ्या मुलांना अधिक, लहानांना कमी. पहिली-दुसरीच्या मुलाला मात्र हाताला धरून अक्षर गिरवायला लागते, मित्राशी भांडायला आणि समेट करायला लागते, आणि पुष्कळ मुलांना दुपारचे शाळेतले जेवणही लागते. ही कामे पडद्याची नव्हेत.

आणि कोणतेही मूल असो, शेजारी माणूस हवेच. दीडशे वर्षांच्या या साऱ्या हकिकतीत एक गोष्ट कोठेच चुकत नाही. जेथे शेजारी बसणारे होते तेथे पत्रानेही काम भागले. जेथे नव्हते तेथे उपग्रहही तोकडा पडला. हे बसणारे माणूस बहुधा स्त्रीच होती आणि तिचे श्रम कोणत्याही हिशेबात धरले गेले नाहीत. ऑस्ट्रेलियात ज्यांना परवडे ते घरी शिक्षिका ठेवीत. ज्यांना परवडत नसे त्यांची आई स्वयंपाक आणि गुरे सांभाळून बसे. आपल्या वस्तीतली आई दिवसभर चार घरची कामे करते. तिने संध्याकाळी आणखी शिक्षिका व्हावे, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण एका आईला जे शक्य नाही, ते साठ सभासदांच्या मंडळाला शक्य आहे. आठवड्याला दोन तास प्रत्येकी, एवढाच तो हिशेब आहे.

म्हणून सभेपुढे माझी सूचना अशी आहे. शिवणवर्ग सकाळी असावा. बायकांच्या हाताला काम देणारा तो वर्ग बंद करून मुलांचे भले होणार नाही. संध्याकाळी पाच ते सात तीच खोली मुलांची. पाचवीच्या पुढची मुले घ्यावीत, त्यांत मुली निम्म्याहून कमी नसाव्यात. देणगीदारांचे आभार मानून चार टॅब स्वीकारावेत; मोठ्या पडद्याऐवजी एक फळा, पुस्तकांचे कपाट आणि चांगले दिवे द्यावेत, अशी त्यांना विनंती करावी. आणि हे सारे एका अटीवर. या स्मरणिकेबरोबर पाळ्यांचा एक कोरा तक्ता सभागृहाच्या दाराशी लावला आहे. त्यात महिन्याच्या सर्व पाळ्यांपुढे नावे पडली तरच टॅब घ्यावेत. नावे कमी पडली तर टॅबही तितकेच कमी घ्यावेत. दोन भगिनी आल्या तर दोन टॅब पुरेत. न बसणाऱ्या माणसांची भरपाई यंत्रांनी होत नाही.

मंगळवार आणि शुक्रवार माझे. चौथीत शाळा सुटलेल्या त्या काकूंनी सोमवार घेतला आहे. बाकीचे वार अजून मोकळे आहेत.